मोठा मासा कुणाच्या ताटात

१२ जानेवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर जरा थांब. फोन तू उचलत नाहीस, निरोप पाठवले तर तसेच परत येतात, म्हणून शेवटी कागद पुढ्यात घेतला. तुझे शाळेतले निबंध मी लिहून द्यायचे, त्यानंतर इतकं लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हाही तुला मार्क कमीच पडायचे, तेव्हा जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

तुला चौथा महिना लागलाय, हे मला दवाखान्यात कळलं. तुझी वर्गमैत्रीण आता आपल्या वसाहतीच्या दवाखान्यात नर्स आहे. माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काकू, तुम्हाला तर माहीतच असेल." मी म्हटलं, "हो तर, कधीचंच." बीपी जास्त निघालं. तिनं पुन्हा मोजलं, तरी जास्तच. मला आनंद झाला, ठमे. नातवंडाची बातमी अशी पट्ट्यात हात अडकलेला असताना कळावी याचा राग मागाहून आला. पण आधी आनंदच झाला, हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्याबद्दल तुझा समज नेहमी उलटाच असतो.

तुझ्या बाबांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न काढता "बरं" म्हणाले आणि मग तेच पान खूप वेळ वाचत बसले. ते जाहिरातींचं पान होतं.

माझी बदली झाली. आता मी पाणी तपासायला नसते, वीजकेंद्राच्या पावडरच्या खोलीत असते. खोली कसली, चिमणीच्या पायथ्याशी असलेली पत्र्याची पेटी. एक खिडकी आहे, ती उघडत नाही. धुराच्या मोठ्या नळात कोळशाची एक बारीक काळी पावडर फुंकायची असते, त्या यंत्राचं बटण माझ्या हातात. पावडर इतकी हलकी की केसात जाते, कानात जाते, डब्याचं झाकण घट्ट असलं तरी आत जाते. रुमालात शिंकले की रुमाल बघवत नाही. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

आता आईचं थोडं ऐक. जड उचलू नकोस. होडीत चढू-उतरू नकोस. आणि तळ्यातले मोठे मासे खाऊ नकोस. लहान खा, पोटभर खा, मोठे नकोत. का ते विचारू नकोस.

तुझी
आई

२७ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे एक ओळ. "माझ्या सासरचं अन्न तुला आधीही चाललं नाही, अजूनही चालत नाही." खाली सहीसुद्धा नाही. वीज तोडायची नोटीस याहून लांब असते.

तुझ्या लग्नाच्या वेळी मासळीच्या वासावरून मी बोलले होते, हे खरंच आहे. पण आज मी नाक मुरडून लिहीत नाहीये. तसं असतं तर लहान मासे खा असं कशाला लिहिलं असतं? वास तर लहानांनाही असतो.

मग ऐक. कोळशात पारा असतो. अगदी किंचित. पण आमच्या भट्टीत रात्रंदिवस कोळशाच्या आगगाड्या रिकाम्या होतात, तेव्हा किंचितचंही पुष्कळ होतं. जळताना त्याची वाफ होते, ती धुराबरोबर चिमणीतून वर जाते, आणि कधी ना कधी खाली येते. तुमचं तळं वाऱ्याच्या वाटेवर आहे. तळाच्या गाळात त्या पाऱ्याचं रूप पालटतं आणि तो किड्यांच्या पोटात जातो. किडे खाणारा लहान मासा, असे पुष्कळ लहान मासे खाणारा मोठा मासा. प्रत्येकानं खाल्लेलं त्याच्या अंगात साठत जातं. धुऊन जात नाही, उकळून जात नाही. मोठ्या माणसाला चटकन काही होत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला मात्र होतं.

आमच्या पावडरला तो पारा चिकटतो. पुढे कापडी पिशव्यांची मोठी गाळणी आहे, तिच्यात राखेबरोबर पावडरही अडकते आणि धूर स्वच्छ होऊन वर जातो. म्हणजे व्यवस्था चोख आहे, घाबरायचं कारण नाही. तरी तू आपली मोठे मासे खाऊ नकोस.

विहीणबाईंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना उगाच वाईट वाटेल.

आई

१३ फेब्रुवारी

ठमे,

या वेळी निदान पानभर लिहिलंस. भांडण का असेना, पानभर आहे. तुझं अक्षर अजून तसंच आहे, डाव्या बाजूनं खाली घसरणारं.

तू विचारतेस, "व्यवस्था चोख असेल तर मी का खायचं नाही? आणि चोख नसेल तर मला एकटीलाच का सांगतेस?"

तू वकील व्हायला हवी होतीस. मी तुला तेव्हाही म्हटलं होतं, पण तू ऐकलंस कुणाचं?

तर घे. पावडर काळी असते. ती राखेत मिसळली की राखही काळी होते. आणि राख विकली जाते. सिमेंटवाले नेतात, ब्लॉकवाले नेतात. त्यांना राख पांढरट लागते. राख भरायच्या जागी एक पांढरी फरशी ठेवलेली असते, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावतात तसली. ट्रकवाला चिमूटभर राख त्या फरशीवर अंगठ्यानं घासतो. रेघ राखाडी उमटली तर गाडी भरतो, काळपट उमटली तर रिकामी घेऊन जातो.

म्हणून मला सांगून ठेवलंय की, गाड्या यायच्या त्याच्या आदल्या दिवसापासून बटण बंद. धूर मोजायच्या काचेच्या नळ्या चिमणीत लटकवायच्या असल्या की बटण चालू. नळ्या कधी लटकवायच्या ते आम्हीच ठरवतो. त्यामुळे नळ्यांचा निकाल नेहमी उत्तम. बटण बंद असलं की पांढरे दिवस आणि चालू असलं की काळे दिवस, असं इथे सगळे म्हणतात, अगदी सहज, उन्हाळा-पावसाळा म्हणावं तसं. पांढरे दिवस फार वाढलेत.

आणि ब्लॉकवाले म्हणजे कोण, ते तुला माहीत आहे. नोकरी सोडल्यावर तुझ्या बाबांनी जो कारखाना काढला तो या राखेवरच चालतो. हलके ब्लॉक बनवायला ते राखेत फेस कालवतात. पावडर असली की ती सगळा फेस पिऊन टाकते, ब्लॉक फुगतच नाही, साच्यातून दगड निघतो. मागे एकदा एक गाडी अशी आली तर संबंध आठवडा त्यांनी माझ्याशी मोजकंच बोलून काढला, जणू मीच ती घरून डब्यात भरून नेली होती.

आता सांग, मी कुणाला सांगू? घर केंद्राचं, दवाखाना केंद्राचा, दिवा केंद्राचा. नवऱ्याचा कारखाना केंद्राच्या राखेवर. तुझ्या काठावर येऊन सांगितलं तर तुमची मासळी कोण घेईल? तोंड उघडलं तरी माझ्याच माणसांचं वाटोळं, नाही उघडलं तरी माझ्याच. एवढ्या एका खिडकीच्या खोलीत बसून मी आणखी काय करणार होते? निदान तुला एकटीला तरी सांगावं, असं ठरवलं. वाईट केलं का?

साहेबांना मी विचारलं होतं, हेही लिहिते. चिमणीमागे सिमेंटचा एक मोठा ओटा बांधून ठेवलाय. त्यावर दुसरी छोटी गाळणी बसायची होती. पहिल्या गाळणीत स्वच्छ राख काढून घ्यायची, पावडर त्याच्या पुढे फुंकायची आणि ती दुसरीत पकडायची. राखही पांढरी, धूरही स्वच्छ. साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी नक्की." ते हे गेली कित्येक वर्षं म्हणताहेत. ओट्यावर सध्या अधिकाऱ्यांच्या मोटारी लावतात. सावली चांगली पडते तिथे.

आई

२ मार्च

ठमे,

तुझं पत्र मी पावडरच्या खोलीत वाचलं. मग दार लावून पुन्हा वाचलं.

तू विहीणबाईंना सगळं सांगितलंस. आधी मला तुझा राग आला. मग पुढचं वाचलं. जाळ्यात आलेला सगळ्यात मोठा मासा त्या रोज तुझ्यासाठी बाजूला काढत होत्या, डोक्याकडचा भाग तुला वाढत होत्या, मुलांनी मागितला तर त्यांच्या हातावर चापट मारत होत्या. आणि हे कळल्यावर चुलीपुढे बसून नुसत्या म्हणत राहिल्या, "मीच वाढला गं, मीच वाढला." माझ्या वतीनं त्यांना सांग, त्यांनी माया वाढली. त्यात दुसरं काही आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते वेगळे.

आता तुमच्या घरात लहान मासे शिजतात आणि मोठे बाजारात जातात. आणि शेवटी तू लिहिलंयस, "आई, बाजारातला मोठा मासा कोण खातं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी टाळणार होते. हवापाण्याचं लिहून पत्र संपवणार होते. पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल वसाहतीच्या बाजारात गेले होते. मासळीवाली नेहमीच्या कोपऱ्यात बसली होती. तिच्या टोपलीत वर एक मोठा मासा, माझ्या हाताएवढा लांब, पाठ काळी, डोळे चकचकीत. तुमच्याच तळ्यातला. कदाचित तुमच्याच होडीतला. आणि समोर उभी कोण, तर तुझी ती नर्स मैत्रीण. तिलाही दिवस गेलेत, ठमे. तुझ्यानंतर महिन्याभरानं. मला बघून एवढी खुलली! म्हणाली, "काकू, बाळाच्या डोक्याला मासे चांगले असतात ना? सासूबाई म्हणाल्या, मोठा बघून आण."

मी तोंड उघडलं. माझ्या शेजारी साहेबांची बायको लिंबं निवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली, "काय म्हणताय, बरं आहे ना?" म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, बिचारी लिंबं निवडत होती. पण माझ्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलं.

मासळीवालीनं मासा कापला. नर्सनं पिशवी माझ्यापुढे करून दाखवली, "छान आहे ना, काकू?"

मी म्हटलं, "छान आहे."

आणि कोथिंबीर घेऊन घरी आले. ती अजून ओट्यावर पडली आहे, निवडली नाही.

आई

९ मार्च

ठमे,

तू माझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. नको देऊस. माझं आधी ऐक.

बाजारातून आल्यावर माझ्या डोक्यातून ती पिशवी जाईना. सोमवारी गाड्या यायच्या होत्या, म्हणजे रविवारी बटण बंद करायचं. रविवारी मी खोलीत गेले, यंत्रापुढे बसले, डबा खाल्ला, आणि बटणाला हात लावला नाही. एवढंच केलं. यात शौर्य काही नाही, नुसती बसून राहिले. पावडर चालू राहिली. पाळी संपल्यावर पुढच्या माणसाला सांगितलं, "चालू आहे, चालूच असू दे." त्याला वाटलं, नळ्या लागल्यात.

सोमवारी दुपारी तुझे बाबा घरी आले. या वेळी कधी येत नाहीत. त्यांच्या हातात ती पांढरी फरशी होती. राखेच्या जागेवरून उचलून आणली होती, ट्रकवाल्यांसमोर. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवली. मधोमध काळी रेघ. काजळ ओढावं तशी.

"ही तुझी पाळी होती," म्हणाले.

"हो."

"विसरलीस?"

मी विसरले म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते तेच ऐकायला उभे होते, असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही विसरले."

मग मी सगळं सांगितलं. चिमणी, तळं, मासे, तू, विहीणबाई, नर्स, लिंबं. त्यांना पांढरे दिवस माहीत होते, ब्लॉकवाल्या प्रत्येकाला माहीत असतात. मासे माहीत नव्हते. माझं संपल्यावर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "ठमी अजून खाते का मोठे मासे?"

तुझ्या लग्नानंतरच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हटलं, "आता नाही खात. लहान खाते."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला. पुसायला घेतला तो माझा पदर होता. मला वाटलं, चला, सुटलो. आणि मग या गृहस्थानं काय म्हणावं? "मग झालं तर. ती खात नाही ना? गुरुवारी पुन्हा गाड्या आहेत, तेव्हा बंद ठेव. माझ्याकडे वीस घरांची चूल आहे गं."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडायला तोंड कुठे होतं? पहिल्या पत्रात मीही हेच म्हटलं होतं, शब्द तेवढे निराळे.

गुरुवारचा प्रश्न उरलाच नाही. मंगळवारी साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. म्हणाले, "बाई, पावडरीनं तुम्हाला खोकला होतोय. तुम्हाला भांडारात बसवतो, तिथे हवा चांगली आहे." भांडारात हातमोजे आणि झाडू मोजायचे असतात. खिडकी उघडते, हे मात्र खरं. खिडकीतून चिमणी दिसते आणि पावडर चालू आहे की बंद, हे धूर बघून मुळीच कळत नाही. दोन्ही वेळेला तो सारखाच पांढरा.

आई

१४ मार्च

ठमे,

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, "बटणाचं बरं केलंस. पण मासा तर विकला गेलाच ना?"

काल दवाखान्यात गेले. बीपी तपासायला नाही, सांगायला. नर्सला बाकावर बसवलं आणि सरळ सांगितलं की तळ्यातले मोठे मासे खाऊ नकोस, का ते सांगितलं, बाळंत होईपर्यंतच नव्हे तर बाळ अंगावर पीत असेपर्यंत खाऊ नकोस म्हटलं. लहान मासे खा, डाळ खा, अंडी खा. एका माशानं काही आकाश कोसळत नाही, आता थांबव, म्हटलं. ती नर्स आहे, चटकन समजली. पोटावर हात ठेवून ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही टोपलीपाशीच उभ्या होतात ना?"

"हो" म्हटलं. तिनं मान हलवली आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला, सवयीनं.

हे मला पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही, ठमे. म्हणून हे पत्र तुझ्या एकटीसाठी नाही. सकाळी होड्या लागतात तेव्हा काठावर सगळ्या बाया जमतात ना, निवडायला आणि टोपल्या भरायला? तिथे हे मोठ्यानं वाच. इथून पुढचं त्यांच्यासाठी आहे.

बायांनो, मी वीजकेंद्रात काम करते. आमच्या धुरातला पारा तुमच्या तळ्यात पडतो आणि मोठ्या माशांत साठतो. ज्यांना दिवस गेलेत, ज्यांच्या अंगावर मूल पितंय, आणि लहान मुलं, त्यांनी मोठे मासे खाऊ नयेत. लहान मासे खावेत. यात तुमच्या मासळीचा दोष नाही आणि तुमच्या हातचा तर नाहीच नाही. तो पारा पकडायची पावडर आमच्याकडे आहे. राख विकायची असली की ती बंद ठेवतात. मी स्वतः बंद ठेवत होते. तेव्हा गप्प घरी बसू नका. केंद्राच्या फाटकावर या आणि दोनच गोष्टी मागा. पावडर रोज चालू ठेवा, आणि चिमणीमागच्या ओट्यावरच्या मोटारी काढून तिथे दुसरी गाळणी बसवा. मग तुमचे मासेही खपतील आणि ब्लॉकवाल्यांची राखही. धूर मोजायच्या नळ्या चिमणीत लटकवायच्या त्या राखेच्या गाड्या भरतात त्या दिवशी आणि तुमच्यासमोर लटकवा म्हणावं. कुणी विचारलं हे तुम्हाला कुणी सांगितलं, तर माझं नाव सांगा. मी भांडारात असते, कुठे पळून जात नाही. पळायला जागाच नाही.

ठमे, हे वाचल्यावर तुमच्या टोपल्या काही दिवस तशाच परत येतील. जावईबापू माझ्यावर चिडतील, काठावरचे सगळेच चिडतील, आणि तुला त्यांच्यातच राहायचंय. मी कात्रीत सापडले होते, आता तुलाही ओढतेय, हे मला दिसतं. वाचायचं नसलं तर वाचू नकोस. मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. पण मला वाटतं, तू वाचशील. बाजारातला मोठा मासा कोण खातं, हे विचारलं होतंस तूच.

हे पत्र लिहून टेबलावर ठेवलं होतं. तुझ्या बाबांनी ते उघडून वाचलं, मी स्वयंपाकघरातून पाहिलं. वाटलं, फाडतात आता. त्यांनी घडी घातली, पाकिटात घातलं, जिभेनं चिकटवलं. मग म्हणाले, "फाटकावर ब्लॉकवाल्यांनाही यायला सांगायला हवं. दुसऱ्या गाळणीचा उपयोग आम्हालाच जास्त." आणि पाकीट खिशात घालत, "टपालात टाकू नकोस, वेळ लागतो. मी नेऊन देतो."

मी विचारलं, "तिच्या घरी जाणार? तुम्ही?"

"तुझं पत्र पोचवायला जातोय," म्हणाले, आणि चांगला शर्ट शोधायला लागले.

म्हणून पाकीट पुन्हा उघडून हे एवढं जोडलं. ते दारात आले तर आत घे. जेवायच्या वेळी पोचतील, आणि तुझ्याकडे आले की नाही म्हणायचे नाहीत, हट्टी माणूस आहे, लाजून जे ताटात पडेल ते खातील. त्यांना लहान मासा वाढ.

पावडरच्या खोलीतली बाई,
तुझी आई